‘आधारित’ या शब्दाचा गुंता

पेठेतल्या आमच्या ग्रंथालयात महिन्यातून एकदा तरी कुणी विचारतं, “‘कुंकू’ सिनेमा ज्या कादंबरीवरून काढला, ती आहे का हो?” कॅटलॉगमध्ये ‘कुंकू’ शोधून काही सापडत नाही, कारण कादंबरीचं नाव ‘न पटणारी गोष्ट’. ती ८९१.४६३ या वर्गक्रमांकाला, मराठी कादंबऱ्यांत. चित्रपटावरची पुस्तकं ७९१.४३ ला, दोन कपाटं सोडून. या दोहोंना जोडणारी एकच गोष्ट, ती म्हणजे काउंटरवर बसलेल्या माणसाची आठवण. तो माणूस निवृत्त झाला की दुवा तुटला.

पूर्वी पुस्तकं आणि चित्रं एकमेकांपासून इतकी लांब नव्हती. पुण्यातलं सार्वजनिक ग्रंथालय १८४८ सालचं. १८७८ मध्ये चित्रशाळा छापखाना निघाला आणि पोथ्या-बखरींत वाचलेले देव, पेशवे रंगीत शिळाछापांतून घरोघरच्या भिंतींवर आले. पुस्तकं आणि चित्रं एकाच छापखान्यातून निघत होती. हा भाग इथेच सोडते, कारण खरी गुंतागुंत १९३३ नंतरची आहे.

त्या वर्षी प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली. त्याच वर्षी मद्रासमध्ये कोलन वर्गीकरण, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची एक पद्धत, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालं. एका पुस्तकाचे अनेक पैलू असतात आणि क्रमांकात ते सगळे दिसले पाहिजेत, हा त्यामागचा विचार. पुढे त्यातूनच स्थळ, काळ, द्रव्य अशी पैलूंची मांडणी आली. आमच्याकडे मात्र ड्युईची दशांश वर्गीकरण पद्धत. एक पुस्तक, एक क्रमांक, एक जागा. फडताळात पुस्तक लावायला हे सोयीचंच आहे, पण त्यामुळे बाकीच्या नात्यांचा भार सगळा कॅटलॉगच्या कार्डावरच्या टिपेवर पडला आणि टिपेत एकच शब्द उरला: ‘आधारित’.

हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. ‘कुंकू’ १९३७ चा. पटकथा कादंबरीकारानेच लिहिली. मग हे ‘आधारित’ म्हणायचं की त्याच लेखकाने तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली म्हणायचं? त्याच कथेचा हिंदी ‘दुनिया न माने’ही प्रभातनेच काढला. तो कशावर आधारित, कादंबरीवर की मराठी चित्रपटावर? नावं पाहिली तर गुंता आणखी वाढतो. मराठी चित्रपटाने एका वस्तूचं नाव घेतलं, कपाळावरच्या कुंकवाचं. हिंदी नाव मात्र ‘न पटणारी गोष्ट’च्या कितीतरी जवळ आहे. म्हणजे भाषा बदलली तिथे मूळ नावाचा अर्थ टिकला आणि भाषा तीच राहिली तिथे तो सुटला.

जुना पर्यायी शब्द ‘रूपांतर’. पण तो एकोणिसाव्या शतकातच नाटकवाल्यांनी घेऊन ठेवला होता. इंग्रजी नाटक मराठी नावागावांसह उभं केलं की ते रूपांतर. पुढे अभ्यासकांनी ‘माध्यमांतर’ आणला. तो नेमका आहे, पण वाचक तो शब्द घेऊन काउंटरवर येत नाही. १९९८ मध्ये ग्रंथालयांच्या जागतिक संघटनेने नोंदींचा नवा आराखडा मांडला. त्यात अनुवाद म्हणजे त्याच कृतीची वेगळी अभिव्यक्ती, आणि कादंबरीवरचा चित्रपट म्हणजे स्वतंत्र नवी कृती. हे मला पटतं. तरीही दोन भाषांत निघालेल्या एकाच चित्रपटाचं काय करायचं, यावर आमच्या बैठकीत दोन तास गेले. हिंदी आवृत्तीला स्वतंत्र कार्ड नको असं बहुमत झालं. मी विरोधात होते, आजही आहे. नाव वेगळं, प्रेक्षक वेगळा, आणि शोधणारा माणूस त्या नावानेच शोधत येतो.

शिवाय ‘आधारित’ म्हटलं की चित्रपटाने बाहेरून काय आणलं ते दिसतच नाही. ‘कुंकू’ची नायिका इंग्रजीत एक गाणं म्हणते, ती १८३८ सालची अमेरिकी कविता आहे. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. भांड्यांचा, पावलांचा, घड्याळाचा, असा खराच आवाज ऐकू येतो, आणि म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातलं ते घड्याळ एखाद्या पात्रासारखं वावरतं. कविता आणि घड्याळ, दोन्हींचे दुवे कादंबरीच्या कार्डावर यायला हवेत.

स्वातंत्र्यानंतर या दुव्यांची एकेक टोकं वेगवेगळ्या दारांआड गेली. प्रभात १९५३ मध्ये बंद पडली. तिच्याच आवारात १९६० मध्ये चित्रपट शिक्षणसंस्था आली आणि १९६४ मध्ये चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. चित्रपट तिकडे, कादंबरी पेठेत, आणि थिएटरच्या दारात विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका रद्दीत. अशी एक पुस्तिका आमच्याकडे आहे. पानं पिवळी पडलेली, टाचणी गंजून कागदात उतरलेली, शेवटच्या गाण्याखाली कुणीतरी पेन्सिलीने वाण्याचा हिशेब मांडलेला. ती ना पुस्तकात मोजली जाते ना चित्रपटात, म्हणून दाखलनोंदीत, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांच्या नोंदवहीत, तिला क्रमांकच मिळाला नव्हता. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली तेव्हा अशा कागदांची किंमत कळली. फिल्म गेली की कथासार, गाणी आणि श्रेयनामं या चार पानांवरच उरतात.

आता संगणकीय नोंदीत हवे तेवढे दुवे देता येतात. तरी आयात केलेल्या तयार नोंदींत पुन्हा तोच एक रकाना येतो, ‘आधारित’. आम्ही तो ठेवला, पण खाली मोकळी टीप जोडली: पटकथा कुणाची, नाव का बदललं, काय नव्याने आलं, चित्रीकरण कुठे झालं. ‘न पटणारी गोष्ट’च्या टिपेत आता कवितेचं नाव आहे, गाण्यांच्या पुस्तिकेचा नवा दाखलक्रमांक आहे आणि प्रभातच्या जुन्या आवाराचा पत्ता आहे. घड्याळांवरची दोन पुस्तकं आमच्याकडे ६८१.११ ला आहेत. त्या फळीवरही एक चिठ्ठी लावली आहे: ‘हेही पाहा: कुंकू’.