बिळकारी बेडूक

उभयचर वर्गाच्या ॲन्यूरा गणातील डायक्रोग्लॉसिडी कुलाच्या स्फेरोथीका प्रजातीतील बेडूक. गोलसर, फुगीर अंग आणि आखूड पाय यांमुळे तो भेकासारखा (टोडसारखा) दिसतो. मात्र भेकाच्या डोळ्यांमागे असणाऱ्या ठळक विषग्रंथी त्याला नसतात. पुण्याच्या आसपासची माळराने, टेकड्यांचे पायथे व शेतांचे बांध येथे तो आढळतो.

शास्त्रीय नावाबाबत मतभेद आहेत. श्नायडर यांनी १७९९ मध्ये राना प्रजातीत वर्णिलेली ब्रेव्हिसेप्स ही जाती पुढे आफ्रिकेतील टोमोप्टर्ना प्रजातीत व नंतर स्फेरोथीकात गणली गेली. टोमोप्टर्नातील बेडकांच्या पायांची ठेवण स्फेरोथीकासारखीच असली, तरी ते दुसऱ्या कुलातील आहेत. हे साम्य नात्यामुळे नव्हे, तर खणण्याच्या सवयीमुळे आलेले दिसते. पश्चिम भारतातील बिळकारी बेडकांना बराच काळ सरसकट ब्रेव्हिसेप्स म्हटले जाई. आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आदी अभ्यासकांनी २०१७ मध्ये शरीराची मापे व जनुकीय पुरावा यांवरून स्फेरोथीका पश्चिमा ही वेगळी जाती मांडली. काही अभ्यासक तिचा समावेश नेपाळमधून १९९८ मध्ये वर्णिलेल्या मस्केयी या जातीत करतात. यांपैकी कोणतेही मत स्वीकारले, तरी जुन्या याद्यांतील ब्रेव्हिसेप्स हे नाव पुण्याच्या बेडकाला पडताळणीशिवाय लावू नये, हे अधिक ग्राह्य वाटते.

मागच्या प्रत्येक तळपायाच्या आतील कडेला फावड्यासारखा कडक उंचवटा असतो. मागचे पाय आळीपाळीने बाजूला रेटून माती सारत बेडूक मागल्या मागे खाली जातो आणि वरची माती ढासळून तोंड बुजते. त्यामुळे कायमचे उघडे बीळ सहसा दिसत नाही. शोधणाऱ्याने हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कोरडा काळ तो ओलसर थरात निश्चल राहून काढतो. रात्री बाहेर येऊन वाळवी व इतर कीटक खातो.

वळवाच्या किंवा मॉन्सूनच्या पहिल्या जोरदार सरींनंतर नर साचलेल्या पाण्याकाठी स्वरकोश फुगवून ओरडतात. मादी डबक्यात अंडी घालते. डबके आटण्यापूर्वी भैकेराचे (बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाचे) बेडकात रूपांतर पूर्ण व्हावे लागते. पावसात मोठा खंड पडल्यास त्या डबक्यातील सर्व भैकेर मरू शकतात. उथळ डबक्यांत बहुधा मासे नसतात, हा त्यांना मोठा लाभ. शहराच्या कडेची माळराने सपाट होऊन काँक्रीटखाली जातात तेव्हा खणण्याजोगी माती आणि प्रजननाची डबकी एकदमच नष्ट होतात. उन्हाळ्यात बेडूक मातीखाली दडलेला असतो, म्हणून अशा जागांची पाहणी तेव्हा न करता पहिल्या पावसानंतर रात्री करावी.