विशेषण नाही म्हणजे पक्षपात नाही?
बातमीत विशेषणं नसली की ती निःपक्षपाती, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. ते खरं नाही. १८५७ घ्या. कुणी 'बंड' लिहितं, कुणी 'उठाव', कुणी 'स्वातंत्र्यसमर'. तिन्ही नुसती नामं, घटना तीच; पण 'बंड' म्हटलं की कंपनीची सत्ता रीतसर ठरते आणि शिपाई गुन्हेगार. क्रियापदंही तशीच. 'मंत्री म्हणाले' याऐवजी 'मंत्र्यांनी कबूल केलं' लिहिलं की चूक आधीच गृहीत धरली जाते. मला सर्वांत घातक वाटतात ते जुने संदर्भ. पक्ष सोडणाऱ्याला 'सूर्याजी पिसाळ' म्हटलं की फितुरीचा शिक्का बसतो, पुरावा मात्र कुणी मागत नाही. मुलीसोबत पेपर वाचताना मी तिला आता नामं आणि क्रियापदंच अधोरेखित करायला लावते.