‘गो बॅक’ म्हणणारे घरचेच

२७ सप्टेंबर २०२४. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर एफसी गोवाने ईस्ट बंगाल या तिथल्याच फुटबॉल क्लबला ३-२ ने हरवलं. गोव्याचे तिन्ही गोल बोर्हा एरेरा या एकट्या स्पॅनिश खेळाडूने मारले आणि हा बोर्हा त्याच वर्षाच्या सुरुवातीपर्यंत ईस्ट बंगालच्याच लाल-पिवळ्या जर्सीत होता. जखमेवर मीठ म्हणजे किती, तर एवढं. इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) ओळीने तिसरा पराभव. ‘गो बॅक’ अशा आरोळ्या देत गॅलरीचा सगळा राग प्रशिक्षक कार्लेस कुआद्रात यांच्यावर निघाला आणि तीन दिवसांत त्यांनी राजीनामा दिला.

हेच कुआद्रात आठ महिन्यांपूर्वी देव होते. जानेवारीत भुवनेश्वरला त्यांच्या संघाने जादा वेळेत ओडिशाला ३-२ ने हरवून सुपर कप जिंकला होता. बारा वर्षांत क्लबच्या हाती लागलेला तो पहिला राष्ट्रीय करंडक. पुण्यात आमच्या शेजारी राहणारे एक बंगाली काका त्या रात्री इमारतीभर मिठाई वाटत फिरले होते. सप्टेंबरात त्यांनाच विचारलं, तर म्हणाले, “ह्या क्लबचं नाव काढू नका माझ्यासमोर.” म्हणाले खरे, पण फोनवर मॅच चालूच होती.

बाहेरच्याला वाटतं, हरणाऱ्या संघामागे जाणारे दोन तऱ्हेचे असतात, एक निष्ठावंत आणि एक रडके. ईस्ट बंगालच्या बाबतीत ही वाटणी जमत नाही. सगळ्यात जास्त शिव्या घालणारा माणूस बहुधा सगळ्यात जुना सदस्य निघतो. हे असं का, हे पाहायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागतं.

२८ जुलै १९२० रोजी कोलकात्यात जोडाबागान आणि मोहन बागान यांचा सामना होता. जोडाबागानने शैलेश बोस या खेळाडूला संघाबाहेर ठेवलं. तो पूर्व बंगालचा म्हणून डावलला, असं त्याच्या बाजूच्यांचं म्हणणं होतं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी यांनी रदबदली केली, कोणी ऐकलं नाही, तेव्हा ते रागारागाने बाहेर पडले आणि १ ऑगस्टला पूर्व बंगालच्या नावाने नवा क्लब उभा राहिला. म्हणजे संघनिवडीवरची कुरकुर ही इथे क्लबपेक्षा चार दिवसांनी थोरली आहे!

पुढची वर्षंही काही सुखाची गेली नाहीत. १९२८ मध्ये संघ पहिल्या विभागातून खाली घसरला. १९३० मध्ये वर चढायची संधी दिसत होती, तर कायदेभंगाच्या धामधुमीत लीगच अर्धवट थांबली. तेव्हा समर्थकांनी मशाली पेटवून मोर्चा काढला, असं सांगतात. क्लबच्या चिन्हावर आजही जी मशाल आहे ती तिथली. गंमत अशी की हीच मशाल पुढे आनंदाचीही खूण झाली. संघ जिंकला की शेवटच्या शिट्टीला गॅलरीत वर्तमानपत्रांच्या सुरळ्या पेटायच्या. आधी चार-दोन, मग शेजारच्याच्या सुरळीवरून आपली पेटवत अख्खा स्टँड उजळायचा, जळक्या कागदाची काजळी खालच्या रांगेतल्या डोक्यांवर उतरायची. संतापाची आणि हर्षाची खूण एकच असलेला क्लब मला दुसरा माहीत नाही.

मग आली फाळणी. ढाका, फरीदपूर, बारिसाल, मैमनसिंहहून लाखो लोक अंगावरच्या कपड्यांनिशी कोलकात्यात आले. जादवपूर, बिजयगढ, नेताजीनगर अशा निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. मूळचे पश्चिम बंगालवासी ‘घोटी’, आलेले ‘बांगाल’. बांगालांच्या बोलीची टिंगल व्हायची, त्यांना भाड्याने घर मिळायला अडचण यायची. अशा माणसाला सुटलेल्या मुलखाचं नाव घेऊन मैदानात उतरणारे अकरा जण दिसले, तर तो त्यांच्याकडे निव्वळ करमणूक म्हणून कसा पाहील? ईस्ट बंगाल जिंकला की बाजारात इलिश मासा महाग आणि घोटींचा मोहन बागान जिंकला की कोळंबी, हा हिशोब त्या काळापासूनचा. पुढे लग्न जमवताना घर बांगाल की घोटी हे पाहण्यापर्यंत गोष्ट गेली. आपल्याकडे कोकणस्थ-देशस्थ चालतं त्यातलाच प्रकार, फक्त इथे त्याला गोलफलकही होता.

पण या अस्मितेची एक बाजू नेहमी विसरली जाते. फाळणीनंतरच्या त्या हलाखीत ज्यांनी क्लबला १९४९ ते १९५१ अशी ओळीने तीन वर्षं कोलकात्याची मानाची आयएफए शील्ड मिळवून दिली, ते ‘पंचपांडव’ म्हणजे अहमद खान, अप्पा राव, धनराज, व्यंकटेश आणि सालेह. पाचांत एकही बंगाली नाही, बांगाल तर सोडाच. खेळाडू कुठूनही यावा, तो आपल्या बाजूने धावला की आपला, हे या गॅलरीने तेव्हाच ठरवलं. आणि धावला नाही की परका, हेही.

सत्तरचं दशक सुवर्णकाळाचं. १९७० ते १९७५ सलग सहा वेळा कलकत्ता लीग, आणि १९७५ च्या शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानवर ५-० असा विजय. त्या पाच गोलांचा काच इतका, की मोहन बागानच्या एका तरुण समर्थकाने जीव दिला. त्या घटनेचा उल्लेख पुष्कळदा जरा अभिमानानेच होतो, निष्ठेचा पुरावा म्हणून. मला त्यात अभिमानाचं काही दिसत नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात गॅलरीत दंगल होऊन १६ जण मेले. घरी परत न आलेले ते सगळे नुसते बघे होते.

१९८० हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवायला हवं. आदल्या मोसमाने निराशा केली होती आणि ‘दलबदल’ सुरू होताच ईस्ट बंगालचे नावाजलेले खेळाडू घाऊक क्लब सोडून गेले. संघ जवळजवळ रिकामा. त्यात अलिगढ विद्यापीठात शिकणारे मजीद बिश्कर आणि जमशीद नसीरी हे इराणी तरुण आले. मजीद फार काळ टिकला नाही. दोन-तीन वर्षांत त्याचा खेळ विस्कटला आणि तो गेला. पण २०१९ मध्ये शताब्दीच्या निमित्ताने तो कोलकात्यात आला, तेव्हा विमानतळावर गर्दी लोटली. त्यातल्या कित्येकांनी त्याला कधी खेळताना पाहिलंसुद्धा नव्हतं. बापाकडून ऐकलेलं, तेवढंच. जमशीदचं नाव मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नंतरची दोन दशकं घाईने ओलांडू. १३ जुलै १९९७, फेडरेशन कपचा उपांत्य सामना, सॉल्ट लेकवर १,३१,७८१ प्रेक्षक, बायचुंग भुतियाची हॅटट्रिक, मोहन बागानवर ४-१. २००३ मध्ये जकार्तात आसियान क्लब कप. २००३-०४ ची राष्ट्रीय लीग. आणि तिथे गाडी अडकली.

अडकवली कोणी? आपल्या पश्चिम किनाऱ्याकडच्या लोकांनी. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ मोसमांत राष्ट्रीय विजेतेपद आठ वेळा गोव्यात गेलं, म्हणजे डेम्पो पाचदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. उरलेलं एक मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने नेलं. ईस्ट बंगाल २०१०-११ मध्ये साळगावकरच्या मागे दुसरा, पुढच्या वर्षी डेम्पोच्या मागे दुसरा, २०१३-१४ मध्ये बेंगळुरूच्या मागे दुसरा. २०१८-१९ मध्ये तर शेवटच्या दिवशी आपला सामना जिंकूनही चेन्नई सिटीच्या एका गुणाने मागे. सतत तळाला असण्याची सवय होते. दरवर्षी हातातोंडाशी आलेला घास जातो त्याची होत नाही. आजचा समर्थक गोल होण्याआधीच “आता घालवणार” म्हणतो, ते या वर्षांत शिकला.

ज्यांनी घास पळवला त्यांचं काय झालं, तेही पाहा. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा २०१६ मध्ये निषेध म्हणून राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, त्यातला डेम्पो अलीकडे परतला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी गुंडाळला गेला, जागा हैदराबादकडे गेली. पुण्यात तेव्हा हळहळणारे होते, नाही असं नाही, पण कोणी रस्त्यावर उतरलं नाही, कोणाचा पुतळा जळला नाही. मालकाने दुकान बंद केलं, आपण दुसरीकडे गेलो.

ईस्ट बंगालमध्ये मालक कोण, हाच तर वाद. क्लब सदस्यांचा, कारभार निवडून आलेल्या ‘कर्त्यां’कडे आणि पैसा बाहेरच्याचा. २०१८ मध्ये क्वेस ही कंपनी आली, दोन वर्षांत गेली. सप्टेंबर २०२० मध्ये मुख्यमंत्री ममता बॅनर्जी मध्ये पडल्या, श्री सिमेंट आली आणि क्लबला आयएसएलमध्ये जागा मिळाली. प्राथमिक करार झाला, पण अंतिम करारावर सही करायला कर्ते तयार होईनात. क्लबचे हक्क कायमचे जातील, ही त्यांची भीती. २१ जुलै २०२१ रोजी कोलकात्याच्या ‘मैदान’ भागातल्या क्लबच्या तंबूबाहेर, म्हणजे कार्यालयाबाहेर, समर्थकांचे दोन गट समोरासमोर आले. एक म्हणे सही करा, नाहीतर संघ उतरणार नाही, दुसरा म्हणे सही केलीत तर क्लब विकलात. दोघांच्या अंगात एकच जर्सी. शेवटी पोलिसांनी लाठ्या चालवल्या. जुन्या रागाला तोपर्यंत तोंड समोरच्या स्टँडकडे होतं, त्या दिवशी ते पुरतं आत वळलं. तेव्हापासून हरल्यावर पहिली शिवी बचावपटूला की कर्त्याला की इन्व्हेस्टरला, यावरच अर्धी संध्याकाळ जाते.

आणि नेमके क्लबचे सगळ्यात वाईट दोन मोसम समर्थकांना मैदानात बसून बघताही आले नाहीत. कोविडमुळे २०२०-२१ आणि २०२१-२२ ची आयएसएल अख्खी गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर झाली, जवळजवळ संपूर्ण रिकाम्या खुर्च्यांसमोर. पहिल्या वर्षी अकरा संघांत नववा नंबर. दुसऱ्या वर्षी २० सामन्यांत ११ पराभव, ८ बरोबरी, १ विजय, म्हणजे तळ. तो एकुलता विजयही एफसी गोवावर, वास्कोत, महेश सिंगच्या दोन गोलांनी. दहा दिवसांनी फातोर्डाला मोहन बागानकडून ३-१ अशी हार, आणि बदली म्हणून येऊन हॅटट्रिक करणारा पोरगा कियान नसीरी. जमशीदचा मुलगा! ओरडायला गॅलरी असती तर निदान घसा तरी मोकळा झाला असता. घरात टीव्हीसमोर बसून साचलेला राग फार कडू होतो, आणि तो कडवटपणा प्रेक्षक परतल्यावरही गेला नाही.

पलीकडे मोहन बागानवाल्यांचं दुखणं वेगळं होतं. त्यांचा संघ जिंकत होता, पण २०२० मध्ये एटीके या क्लबशी झालेल्या विलीनीकरणाने नावाआधी ‘एटीके’ चिकटलं होतं. ते काढा म्हणून समर्थक जिंकतानाही फलक घेऊन उभे राहिले, तीन वर्षं. मार्च २०२३ मध्ये आयएसएल करंडक जिंकल्याच्या रात्री मालक संजीव गोयंका यांनी नाव बदलत असल्याची घोषणा केली. त्या तीन वर्षांत त्यांनाही ‘नकारात्मक’ म्हणून हिणवलं गेलं होतं.

ईस्ट बंगालकडे असा एक मुद्दा नव्हता. श्री सिमेंटच्या जागी इमामी आली, प्रशिक्षक बदलले, क्रमांक पुन्हा नववाच आला. जानेवारी २०२० पासून मोहन बागानविरुद्ध ओळीने आठ सामने हरले. १२ ऑगस्ट २०२३ रोजी ड्युरंड कपमध्ये नंदकुमार शेखरच्या गोलाने साडेतीन वर्षांची ती साडेसाती संपली. तीन आठवड्यांनी त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मोहन बागानचा एक खेळाडू बाहेर गेला, दहा जण उरले, आणि तरीही ईस्ट बंगाल ०-१ ने हरला. काका त्या दिवशी काही बोलले नाहीत.

या लोकांना एकत्र काय बांधतं, ते कधीकधी फुटबॉलच्या बाहेर जास्त दिसतं. जानेवारी २०२० च्या डर्बीत, म्हणजे मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात, नागरिकत्वाच्या वादाच्या ऐन भरात ईस्ट बंगालच्या गॅलरीत भला मोठा फलक उलगडला होता: ‘रक्त देऊन घेतलेली माती, कागद देऊन नव्हे.’ तो सामनाही ते हरले. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर डर्बीच रद्द झाली, तेव्हा दोन्ही संघांचे समर्थक, सोबत कोलकात्याच्या तिसऱ्या मोठ्या क्लबचे, मोहम्मेडनचेही, सॉल्ट लेकबाहेर एकत्र उभे राहिले आणि एकत्रच लाठ्या खाल्ल्या.

कुआद्रात गेल्यावर ऑस्कर ब्रुझोन आले, तरी पराभव थांबले नाहीत. लीगमध्ये सहा सामने, सहा पराभव झाले. त्याच अवस्थेत संघ आशियाई चॅलेंज लीगसाठी भूतानला गेला. थिंफूत २९ ऑक्टोबरला समोर होता ढाक्याचा बशुंधरा किंग्ज, ब्रुझोन यांचाच जुना संघ. पहिल्याच मिनिटाला गोल, आणि ‘पूर्व बंगाल’ असं नाव लावणाऱ्या कोलकात्याच्या क्लबने खऱ्या पूर्व बंगालच्या क्लबला ४-० ने हरवलं. काकांचा फोन आला. स्कोअर सांगितला आणि लगेच सुरू झाले: “लीगमध्ये असं खेळायला काय झालं होतं ह्यांना?”