कणकुंबीच्या वाटेवर: सायकलींच्या रांगेचं विज्ञान

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर वसलं आहे. मलप्रभेचा उगम जिथे होतो ते खानापूर तालुक्यातलं कणकुंबी 790 मीटरच्या आसपास. बेळगावलगतच्या पिरनवाडीहून किणये, जांबोटी करत सायकलने कणकुंबी गाठलं, तर दोन टोकांच्या उंचीतला फरक जेमतेम चाळीस मीटर भरतो. तरीही हा रस्ता पहिल्यांदाच सायकलवर करणाऱ्याच्या मांड्या तिथे पोचेपर्यंत भरून येतात. घाटमाथ्यावरच्या धो धो पावसाने हे पठार जागोजाग कापून काढलंय. ओढ्याकडे उतरायचं, पूल ओलांडायचा आणि समोरची चढण पुन्हा पहिल्यापासून चढायची, असं दिवसभर चालतं.

चढताना घालवलेलं उतारावर परत मिळेल, असं मनात येतं. तसं होत नाही. दहा किलोमीटर चढ ताशी 10 किलोमीटर वेगाने आणि तेवढाच उतार ताशी 40 ने केला, तर सरासरी 25 यायला हवी असं वाटतं. पण चढाला पूर्ण तास लागला आणि उताराला फक्त 15 मिनिटं. वीस किलोमीटरला सव्वा तास म्हणजे सरासरी 16. शिवाय वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. चढून कमावलेली उंची उतारावर अशी हवेतच विरते आणि वळणावर ब्रेक दाबला की उरलेली रिमच्या उष्णतेत जाते. पुढच्या चढाला हाती उरतो तो थोडासा वेग.

ग्रुपने जाण्याचा खरा फायदा या हवेशीच जोडलेला आहे. सायकलसह 80 किलो वजनाचा, सरळ बसून चालवणारा माणूस सपाट रस्त्यावर ताशी 20 ने जात असेल तर त्याला साधारण 65 वॉट लागतात. ताशी 30 ला तेच 165 च्या घरात जातात आणि त्यातला तीन चतुर्थांश भाग निव्वळ हवा बाजूला सारण्यात खर्च होतो. (बेळगावच्या उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे आठ टक्के विरळ असते, तेवढी सवलत आपल्याला फुकट मिळते.) पुढच्या सायकलच्या मागे, एखाद्या मीटरवर राहिलं, तर हा हवेचा विरोध जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. मोठ्या घोळक्यात तर फारच घटतो. वायुगतिकीचे अभ्यासक बर्ट ब्लॉकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 121 सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास संगणकावर आणि पवनबोगद्यात (वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात) केला. आतल्या, मागच्या भागातल्या स्वाराला एकट्याने चालवताना लागतो त्याच्या पाच ते दहा टक्केच विरोध सोसावा लागतो, असं त्यात दिसलं. आपल्या दहा-बारा जणांच्या रांगेत तेवढं मिळणार नाही, पण एक तृतीयांशही दिवसभरात पुष्कळ होतं. पुढच्याचाही थोडा फायदा होतो. मागे कुणी असलं की त्याच्या पाठीमागची पोकळी भरते आणि त्याचा विरोध दोन-तीन टक्के कमी होतो.

चढ लागला की हे गणितच बदलतं. पाच टक्क्यांच्या चढावर ताशी 12 ने जाताना या माणसाला वजन वर उचलायलाच 130 वॉट लागतात, हवेला लागतात आठ-दहा. एवढ्याशा हवेपासून आडोसा घेऊन काय वाचणार? म्हणून चढावर पुढच्याच्या चाकाला चिकटून राहण्याचा अट्टहास नवख्याने करू नये, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. प्रत्येकाने आपल्या दमाने चढावं. हलका माणूस पुढे जाईल, वजनदार मागे पडेल, आणि उतारावर बहुधा तोच वजनदार माणूस सगळ्यांना गाठेल. कारण त्याला खाली ओढणारं बल वजनाच्या प्रमाणात वाढतं, छातीवर येणारी हवा तेवढी वाढत नाही.

पण सगळ्यात जास्त चुकतं ते माथ्यावर. बारा जणांची रांग धरा, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत 30 मीटर. चढावर वेग ताशी 10, म्हणजे सेकंदाला 2.8 मीटर. पहिला माथ्यावर पोचल्यानंतर शेवटचा तिथे येतो 11 सेकंदांनी. तोवर पहिला उताराला लागलेला असतो. पुढे सगळेच ताशी 40 च्या वेगाला आले की याच 11 सेकंदांचे 120 मीटर होतात. कुणी दमलं नाही, कुणी ढिलाई केली नाही, तरी रांग चौपट लांबली. शेवटच्याला मात्र आपण मागे पडलो असं वाटतं, तो घाबरून पेडल मारतो आणि हवेविरुद्ध ताकद उधळतो. त्याने मीटर न पाहता सेकंद पाहावेत. सगळे सारख्याच वेगाने आले, तर पुढच्या चढावर हे अंतर आपोआप पुन्हा 30 मीटरवर येतं.

उतारानंतर सपाटी आली तर मात्र जबाबदारी पुढच्याची. ताशी 25 च्या वेगाला 11 सेकंद म्हणजे 76 मीटर, दोन सायकलींमध्ये जवळपास सात मीटर. एवढ्या अंतरावर आडोसा फारसा उरत नाही. पुढच्याने मिनिटभर पाय सैल सोडले की रांग पुन्हा जुळते. तो तसाच रेटत राहिला तर मागच्याला हिसका मारून यावं लागतं. 80 किलोचा भार ताशी 15 वरून 25 वर पाच सेकंदांत न्यायला नेहमीच्या कष्टावर आणखी सुमारे 250 वॉट लागतात. असे हिसके दिवसभर बसले की शेपटीचा माणूस पुढच्याच्या आधी थकतो, पल्ला दोघांचा एकच असूनही. पुढच्याने खड्डा चुकवायला वेग जरासा कमी केला, तरी मागे मागे जाताना तो धक्का वाढत जातो आणि शेवटच्याला कचकन ब्रेक मारावा लागतो. त्यासाठीच "खड्डा!" ही हाक तोंडातोंडी शेवटपर्यंत पोचवायची, आणि "गाडी मागे!" ही शेवटून पुढपर्यंत. ताशी 25 ने जाताना अर्ध्या सेकंदात सायकल साडेतीन मीटर पुढे गेलेली असते, नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवून चालत नाही.

स्नायू खाल्लेल्या ऊर्जेचा पाव भागही पेडलपर्यंत पोचवत नाहीत, बाकीची उष्णता होते. 150 वॉटच्या कष्टात तासाला अर्धा-पाऊण लिटर घाम त्यासाठीच जातो. पाण्यासोबत मीठही हवं, नुसतं पाणी पोटात ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. शरीरात कर्बोदकांचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, 400 ते 500 ग्रॅम, ते काही तासांत संपतं आणि मग माणूस एकाएकी गळून जातो. भूक लागायची वाट न पाहता तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत: एक केळं आणि गुळाचा छोटा खडा. गुळातल्या साखरेपासून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही मिळतात आणि आतड्यात ती वेगवेगळ्या वाटांनी शोषली जातात, म्हणून गूळ इथे खरोखर कामाचा. कुंदा घरी परतल्यावर खावा, खव्याची चरबी पचायला वेळ लागतो.

राहिला वारा. जून ते सप्टेंबर तो पश्चिमेकडून येतो, म्हणजे कणकुंबीकडे जाताना तोंडावर आणि परतताना पाठीवर. ताशी 20 च्या वाऱ्यात ताशी 15 ने चालवणाऱ्याला हवा ताशी 35 ची लागते. तेव्हा चढावरही आडोशाला थोडा अर्थ येतो. अशा दिवशी जाताना नवख्यांना रांगेच्या मधे घ्यावं, पुढचा दर काही मिनिटांनी बदलावा आणि त्याने बाजूला होताना वेग वाढवू नये. वारा बाजूने असेल तर आडोसा मागे न मिळता तिरका मिळतो आणि रांग आपसूक रस्त्याच्या मध्याकडे सरकू लागते. कणकुंबीवरून गोव्याकडे जाणाऱ्या या चोर्ला मार्गावर समोरून सतत वाहनं येतात. तिथे आडोसा सोडून एकामागे एक, कडेने जाणंच बरोबर.