ढेकण्यासाठी आमचे ट्रायकोकार्ड घेऊ नका

शेतकरी बंधू-भगिनींनो,

सोयाबीनला शेंगा लागल्या की दुकानात एकच विचारणा सुरू होते : उसाला देता ते ट्रायकोकार्ड शेंगांचा रस शोषणाऱ्या हिरव्या ढेकण्यावर चालेल का? नाही चालणार. कार्डातून निघणारी ट्रायकोग्रामा ही बारीक गांधीलमाशी पतंगांच्या अंड्यांत वाढते. उसातला खोडकिडा, कांडीकीड यांचा बंदोबस्त ती अळी निघण्याआधीच करते. ढेकण्या पतंग नव्हे. त्याच्यासाठी हे कार्ड आम्ही विकत नाही.

त्याचा वैरी वेगळा आहे आणि बहुतेक वेळा तो तुमच्याच शिवारात असतो. ट्रिसोल्कस, टेलेनोमस या काळ्या, जेमतेम एक-दीड मिलिमीटरच्या गांधीलमाश्या. डंखाची भीती नाही, त्या माणसाच्या वाटेला जात नाहीत. ढेकण्याच्या एकेका अंड्यात मादी आपले एकेक अंडे घालते आणि पिल्लाऐवजी आतून माशीच बाहेर पडते. ऑस्ट्रेलियात तर याच ढेकण्यासाठी 1933 साली इजिप्तहून ट्रिसोल्कस बसालिस नेऊन सोडली होती.

आता सोयाबीनचे पान उलटून पाहा. पिंपाच्या आकाराची, वर झाकण असलेली अंडी ओळीने चिकटवलेली दिसतील. एका पुंजक्यात साठ-सत्तर, कधी शंभरही. ताजी असताना ती फिकट पिवळसर असतात. पुढे गुलाबी-केशरी झाली तर आत ढेकण्याचे पिल्लू आहे, पुंजका खुशाल चिरडा. काळपट पडली तर हात लावू नका, आत माशी आहे! रिकाम्या अंड्यांवरूनही कळते : पिल्लू झाकण अलगद उघडून निघते, माशी कुरतडून वेडेवाकडे भोक पाडते. भिंग असेल तर पुंजक्यावर घुटमळणारे नरही दिसतील. ते आधी निघतात आणि माद्यांची वाट पाहत तिथेच थांबतात.

शंका असेल तर पानासकट पुंजका काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला मलमल बांधा, बरणी सावलीत ठेवा. ढेकण्याची पिल्ले आठवडाभरात निघतात, माश्यांना दहा-बारा दिवस लागतात. माश्या निघाल्या की संध्याकाळी शेतात सोडा.

खरी अडचण फवारणीची. सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या एका फवाऱ्यात या माश्या मरतात, आणि मागाहून उडून आलेल्या ढेकण्याला रान मोकळे मिळते. ढेकण्या बहुधा बांधाकडून शिरतो, म्हणून आधी कडेच्या ओळी तपासा. फवारावेच लागले तर तेवढ्याच ओळी फवारता येतात का, ते पाहा. बांधावर थोडी कोथिंबीर फुलू द्या. माश्यांना तिचा मकरंद मिळतो.

तुरीच्या शेंगांवरचा तपकिरी ढेकण्या निराळा, त्याच्या अंड्यांवरची माशीही निराळी. दोन्हींची गल्लत करू नका.

रंग ओळखता येत नसेल तर पान कागदी पाकिटात घालून दुकानात आणा, प्लास्टिकमध्ये घाम धरतो. भिंगाखाली पाहून लगेच सांगू. त्याचे पैसे घेत नाही.