अल्पमुदतीचे घरभाडे (मुंबई)

राहता फ्लॅट किंवा त्यातली एखादी खोली पाहुण्याला रात्रीच्या हिशेबाने देण्याची पद्धत. मुंबईत तिच्यासाठी वेगळा कायदा नाही. भाडे, सहकार, पोलीस, पर्यटन आणि कर यांचे नियम एकत्र पाहावे लागतात.

भाडे म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर अकरा महिन्यांचा करार येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीचा, करार लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन रात्रींचा मुक्काम या चौकटीत धड बसत नाही.

त्यामुळे वाद होतो तो सोसायटीच्या गेटवर. पाहुणा बॅगा घेऊन उभा असतो. वॉचमन इंटरकॉम लावतो, पण वर उचलायला कोणी नसते, कारण चावी दाराशेजारच्या आकडेकुलपाच्या डबीत असते. रोज नवे चेहरे लिफ्टमध्ये दिसू लागले की शेजारी सेक्रेटरीकडे जातात, आणि त्यांची काळजी रास्त आहे. फ्लॅट ज्या वापरासाठी दिला त्याच वापरासाठी ठेवावा, या उपविधीवर, म्हणजे सोसायटीच्या नियमावर, सोसायट्या बोट ठेवतात. मालक स्वतः राहत नसलेल्या फ्लॅटवर सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क मात्र मनाला येईल तेवढे लावता येत नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्याची कमाल मर्यादा सेवाशुल्काच्या १० टक्के ठरवली आहे.

तरीही सरसकट बंदी अन्यायाची ठरते. परळच्या टाटा रुग्णालयात केमोसाठी गावाकडून आलेल्या कुटुंबाला तीन आठवड्यांपुरते घर हवे असते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देते, पण सगळ्यांना तिथे जागा मिळणे शक्य नाही. या लोकांना पर्यटकांच्या रांगेत उभे करू नये.

मालक त्याच घरात राहत असेल, तर पर्यटन विभागाची ‘निवास व न्याहारी’ योजना हा सरळ मार्ग आहे. केंद्राच्या अशाच योजनेत जास्तीत जास्त ६ खोल्या आणि १२ खाटा चालतात.

पाहुणा परदेशी असल्यास त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते, खासगी घरही यातून सुटत नाही. जीएसटी दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के. मालकाची जीएसटी नोंदणी नसेल, तर बुकिंग घेणाऱ्या ॲपने तो भरायचा असतो.