तोच टप्पा, परकी माती

खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा मॅटवर कुस्ती खेळायची त्यांची ती पहिलीच वेळ. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या या पैलवानाचं अंग घडलं होतं तांबड्या मातीत. हळद, ताक, लिंबू, तेल घालून मळलेल्या त्या मातीत पाय रुततो, मूठभर अंगाला चोळली की पकड बसते. मॅटवर यातलं काहीच नाही. खाशाबा सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनीच कांस्यपदक मिळवलं.

परदेशात आपला क्रिकेट संघ कोसळला की कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदानाजवळच्या कट्ट्यावर निकाल ठरलेला असतो: पोरांत दमच नाही. मला हे पटत नाही. दम तोच असतो, अंदाज चुकतो.

ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटला की अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापर्यंत येतो. गुड लेंग्थचा, म्हणजे फार पुढंही नाही आणि फार आखूडही नाही असा चेंडू समोर पाचेक मीटरवर टप्पा घेतो आणि तिथून बॅटपर्यंत यायला त्याला साधारण ०.१५ सेकंद पुरतात. डोळ्यानं पाहून हात हलायला मात्र सुमारे ०.२ सेकंद लागतात. म्हणजे टप्पा पडल्यावर बघू म्हणणारा गेलाच.

मग चांगला फलंदाज खेळतो कसा? मायकेल लँड आणि पीटर मॅकलिऑड यांनी फलंदाजांच्या नजरेचा माग काढला, तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. चेंडू सुटताना नजर क्षणभर त्याच्यावर असते, मग ती उडी मारून टप्पा पडणार त्या जागी आधीच जाऊन थांबते. पुढं चेंडू कधी आणि किती उंचीवर येईल, हे मेंदू जुन्या अनुभवावरून ठरवतो.

तो अनुभव घरच्या मातीवरचा. ऑस्ट्रेलियात पर्थच्या टणक खेळपट्टीवर, आपल्याकडं कमरेपर्यंत उसळणारा चेंडू छातीशी येतो. त्यात चेंडूही वेगळा: आपल्याकडं एसजी कंपनीचा, तिकडं कुकाबुराचा, इंग्लंडमध्ये ड्यूक्सचा. बॅटची रुंदी जेमतेम १०.८ सेंटिमीटर. अंदाज पाच-सहा सेंटिमीटरनं हुकला की चेंडू कड घेऊन स्लिपमध्ये. प्रवासाचा शीण, बिघडलेली झोप यांचाही वाटा आहे, पण ते आठवडाभरात सावरतं.

प्रतिस्पर्धी दुबळा असेल तर मधेमधे ढिले चेंडू मिळतात आणि त्यावर मेंदू नवा हिशेब शिकतो. तगडा गोलंदाज ही शिकवणी देत नाही. तो षटकामागून षटक त्याच टप्प्यावर मारा करत राहतो आणि शिकायच्या आतच डाव संपतो. म्हणून सरावसामने कापणं मला फार खटकतं. पूर्वी इंग्लंड दौऱ्यात काउंटी संघांशी महिनोन्महिने सामने होत, आता एखाद-दुसरा झाला तर झाला.

कोल्हापूरच्या तालमींनी हे ओळखलंय. मातीच्या हौद्याशेजारी आता मॅटही अंथरलेली दिसते. पोरं पहाटे मातीत लढतात, मग पाय धुऊन, बूट बांधून मॅटवर चढतात.